मेंदूची वाढ आणि अल्झायमर, दोन्हींशी रोगप्रतिकारशक्तीचा काय संबंध?

थेट संबंध आहे, आणि त्यात मुख्य काम मायक्रोग्लियाचं. मेंदूत कायम राहणाऱ्या या प्रतिकारपेशी गर्भावस्थेच्या सुरुवातीलाच तिथे येऊन स्थिरावतात.

बाळाच्या मेंदूत चेतापेशींमधले जोड, म्हणजे सिनॅप्स, गरजेपेक्षा बरेच जास्त तयार होतात. द्राक्षवेलीसारखी त्यांची छाटणी व्हावी लागते. २००७ मध्ये बेथ स्टीव्हन्स आणि बेन बॅरेस यांच्या गटाने उंदरांवर केलेलं काम मला फार मोलाचं वाटतं: एरवी जंतूंवर खूण करणारी सी१क्यू आणि सी३ ही प्रथिनंच या छाटणीत लागतात, असं त्यातून दिसलं. खूण झालेले जोड मायक्रोग्लिया गिळतात, हे पुढे कळलं.

अल्झायमरमध्ये हीच यंत्रणा अवेळी पुन्हा सुरू होत असावी. २०१६ च्या प्रयोगात उंदरांच्या मेंदूत अमायलॉइड या प्रथिनाचे (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या) थर साचण्याआधीच जोड घटत होते. सी१क्यू रोखल्यावर ते वाचले.

पण मायक्रोग्लिया शत्रू नव्हेत. ट्रेम२ जनुकातल्या एका दुर्मीळ बदलाने त्यांचं काम मंदावतं आणि अल्झायमरचा धोका उलट वाढतो. त्यामुळे घरातल्या कुणाला स्मृतिभ्रंश असेल, तर ‘इम्युनिटी वाढवणाऱ्या’ पावडरींवर कृपया पैसे घालवू नका, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.