मूळनिवासींच्या कंपनीत टेंडरचं काम : नोकरी घ्यावी का?

प्रश्न : मी मूळची सांगलीची. मेलबर्नमध्ये सप्लाय चेनच्या मास्टर्सचं शेवटचं सत्र चालू आहे. ॲबोरिजिनल (ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी) मालकीच्या एका कंपनीने मला ‘बिड को-ऑर्डिनेटर’च्या, म्हणजे टेंडर तयार करून भरण्याचं काम जुळवून आणणाऱ्याच्या, जागेसाठी विचारलं आहे. कंपनी सरकारी इमारतींची साफसफाई आणि बागदेखभाल करते. बाबा म्हणतात, टेंडर म्हणजे ओळखी आणि टक्केवारी, त्यात पडू नकोस. इथले एक नातेवाईक म्हणतात, नोकरी कशाला? एखाद्या स्थानिक ॲबोरिजिनल माणसाला कागदावर ५१ टक्के मालक दाखव आणि स्वतःचीच कंपनी काढ. काय करू?

उत्तर : नोकरी घे. नातेवाइकांचा बेत मात्र आजच सोडून दे.

आधी बाबांची शंका. त्यांच्या डोळ्यांसमोर आपल्याकडचं टेंडर आहे : तांत्रिक लिफाफ्यात पात्र ठरलात की सगळ्यात कमी दर भरणारा एल-वन, आणि काम त्याचं. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारचे खरेदी नियम ‘व्हॅल्यू फॉर मनी’वर, म्हणजे पैशाच्या पुरेपूर मोलावर, उभे आहेत. दर हा त्यातला एक भाग. काम कोण करणार, कसं करणार, पूर्वी काय केलंय, काही बिघडलं तर काय, हे लेखी उत्तरांवरून तपासलं जातं. ती उत्तरं लिहवून घेणं आणि वेळेत पोचवणं हेच तुझं काम असेल. शिवाय तिथल्या खात्यांना १० हजार डॉलर किंवा त्याहून मोठा करार ४२ दिवसांच्या आत ‘ऑसटेंडर’ या संकेतस्थळावर जाहीर करावा लागतो : कुणाला दिला, किती रकमेचा, किती मुदतीचा. बाबांना ते एकदा उघडून दाखव. शंभर वाक्यांपेक्षा त्याचा उपयोग होईल.

आता कंपनीला मिळणारी सवलत नीट समजून घे, कारण मुलाखतीत हेच विचारतील. २०१२-१३ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने मूळनिवासींच्या छोट्या-मध्यम कंपन्यांना दिलेली कामं होती जेमतेम ६२ लाख डॉलरची. त्यावर उपाय म्हणून १ जुलै २०१५ पासून ‘इंडिजिनस प्रोक्युअरमेंट पॉलिसी’ (मूळनिवासींकडून खरेदीचं धोरण) आली. आपल्याकडे केंद्राच्या खरेदीत सूक्ष्म-लघुउद्योगांसाठी २५ टक्के आणि त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी असतात, त्याच जातकुळीतलं हे धोरण. खरेदीच्या एकूण रकमेतला मूळनिवासी कंपन्यांचा वाटा १ जुलै २०२५ पासून ३ टक्के ठरला आहे आणि तो पायरीपायरीने २०३० पर्यंत ४ टक्क्यांवर न्यायचा आहे.

या धोरणातली तुझ्या रोजच्या कामाची गोष्ट म्हणजे राखीव पट्टी. दुर्गम भागातली कामं आणि इतरत्र ठरावीक रकमेच्या पट्टीतली कामं बाजारात नेण्याआधी अधिकाऱ्याला पाहावंच लागतं, की हे काम एखादी मूळनिवासी मालकीची छोटी-मध्यम कंपनी वाजवी मोलात करू शकते का. मूळ धोरणात ही पट्टी जीएसटी धरून ८० हजार ते २ लाख डॉलर ठेवली होती. प्रत्येक वेळी चालू आकडा नॅशनल इंडिजिनस ऑस्ट्रेलियन्स एजन्सी या धोरण सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर पाहून मगच दर लाव. इथे एक चूक फार होते. समज, तू १,९८,००० दर लिहिलास आणि तो जीएसटीशिवाय होता. १० टक्के जीएसटी चढला की झाले २,१७,८००. म्हणजे २ लाखांच्या पट्टीबाहेर. आधी तुमच्याकडे पाहण्याचं अधिकाऱ्यावरचं बंधन संपलं. तो तुम्हाला थेट काम देऊ शकतो, कारण २०० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या मूळनिवासी मालकीच्या कंपनीकडून खुलं टेंडर न काढता खरेदी करायला नियमांत सूट आहे. पण ‘देऊ शकतो’ आणि ‘पाहावंच लागतं’ यांत फरक आहे. दरपत्रकाच्या प्रत्येक रकान्यात जीएसटीसह की जीएसटीशिवाय, हे आधी बघ.

७५ लाख डॉलर आणि त्यावरचे करार वेगळे चालतात. ठरावीक १९ उद्योगक्षेत्रांतल्या अशा करारांत मुख्य ठेकेदारालाच मूळनिवासी कामगार किंवा पुरवठादार घेण्याचं उद्दिष्ट पाळावं लागतं. म्हणून तुझ्या कंपनीचं बरंच काम उपठेकेदार म्हणून येऊ शकतं, आणि ते मिळवायला बड्या कंपन्यांच्या खरेदी विभागांशी सतत संपर्क ठेवावा लागतो. व्हिक्टोरिया राज्याची स्वतःची सामाजिक खरेदीची चौकट २०१८ पासून आहे. तिथे कंपनी ‘किनावे’ या मूळनिवासी उद्योजकांच्या चेंबरकडून प्रमाणित असली तर उपयोग होतो. केंद्राच्या कामांसाठी ‘सप्लाय नेशन’ या मूळनिवासी कंपन्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थेची यादी पाहतात.

दार उघडलं म्हणजे काम मिळालं, असं नाही. उत्तर कसं लिहायचं ते एका उदाहरणावरून सांगतो. प्रश्न असा येतो : कर्मचारी गैरहजर राहिल्यास सेवा कशी चालू ठेवाल? बहुतेक जण लिहितात, ‘आमच्याकडे अनुभवी आणि समर्पित चमू आहे.’ यावर गुण देणार तरी कशाला? याऐवजी असं लिही : या इमारतीसाठी रोज संध्याकाळी ४ जण, पोलीस तपासणी आणि इमारतीचं इंडक्शन (कामाआधीची माहिती) झालेले २ जण राखीव, गैरहजेरी दुपारी ३ पर्यंत कळवायची, ५ पर्यंत बदली माणूस हजर, न जमल्यास पर्यवेक्षक स्वतः पाळी घेणार, गेल्या वर्षी चुकलेल्या पाळ्या इतक्या, त्याची नोंद जोडपत्रात. आकडे मात्र कंपनीच्या रजिस्टरमधून घ्यायचे, मनाने नाही. करार झाला की हेच लिहिलेलं अटी म्हणून अंगावर येतं.

टेंडर बाद होतं ते बहुधा क्षुल्लक कारणांनी. खुल्या टेंडरला साधारण किमान २५ दिवस मिळतात, काही परिस्थितीत १० सुद्धा. मध्येच शुद्धिपत्रक निघतं आणि दरपत्रकाचा तक्ता बदलतो, पण आपण जुनाच भरतो. पब्लिक लायबिलिटी (तिऱ्हाइताच्या नुकसानभरपाईच्या) विम्याचं प्रमाणपत्र मागच्याच महिन्यात संपलेलं असतं. जुन्या टेंडरमधून उतरवलेल्या मजकुरात दुसऱ्याच खात्याचं नाव राहून जातं. आणि शेवटच्या अर्ध्या तासात पोर्टल अडकतं. मुदतीनंतर आलेलं टेंडर घेत नाहीत. पहिल्याच दिवशी मागितलेल्या प्रत्येक कागदाचा तक्ता कर, समोर जबाबदार माणसाचं नाव लिही, आणि अंतिम मुदतीच्या आदल्या दिवशी दाखल करण्याचा दंडक घाल.

दर काढताना मजुरी हा साफसफाईतला सर्वांत मोठा खर्च. तासाच्या मजुरीवर १२ टक्के सुपरॲन्युएशन (निवृत्तीनिधी), कामगार विमा, रजा आणि रात्रपाळीचा वाढीव दर चढतो. नवीन टेंडरवाले हे विसरतात, काम जिंकतात आणि तोट्यात जातात. रोकडीचंही तसंच. पगार पंधरवड्याला द्यायचा, यंत्रं-गणवेश आधी घ्यायचे. बिलाचे पैसे केंद्राकडून साधारण २० दिवसांत येतात, म्हणजे पहिला महिना पदरमोड. इंडिजिनस बिझनेस ऑस्ट्रेलिया ही सरकारी संस्था बिलांवर अर्थसाहाय्य आणि परफॉर्मन्स बाँड (काम पूर्ण करण्याची हमी) देते, त्याची माहिती करून घे.

आता तो ५१ टक्क्यांचा बेत. तिथे याला ‘ब्लॅक क्लॅडिंग’ म्हणतात : कागदावर मूळनिवासी मालक, नफा आणि निर्णय भलत्याच्याच हाती. हे पकडण्यासाठीच पात्रतेचा निकष कडक होतोय. १ जुलै २०२६ पासून तो ५० वरून ५१ टक्क्यांवर नेण्याचं सरकारने जाहीर केलं आहे. सप्लाय नेशन मालकीचे कागद तपासते आणि प्रमाणित दर्जासाठी व्यवस्थापन व नियंत्रणही कुणाकडे आहे ते पाहते. उघड झालं तर यादीतून नाव जातं, करार जातात आणि तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाच्या नावावर खोट्या माहितीचा डाग राहतो. त्याहून मोठी गोष्ट अशी, की जमीन, मजुरी, मुलंसुद्धा हिरावली गेलेल्या समाजासाठी ठेवलेलं काम आपण पळवायचं? हे आपल्याला शोभत नाही.

म्हणूनच मुलाखतीत तूही प्रश्न विचार. रोजचे निर्णय कोण घेतं? मालक कामावर दिसतात का? नोंदणी शेवटची कधी तपासली गेली? वर्षात किती टेंडरं भरली आणि किती मिळाली? उत्तरं गुळमुळीत आली, तर ती कंपनी सोड.

दोन मर्यादा आत्ताच माहीत असू दे. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं, आणि टेंडर बंद होण्याच्या आठवड्यात तास सहज उलटतात. तास लिहून ठेव, कंपनीलाही आधीच सांग. दुसरं, संरक्षण खात्याच्या काही कामांना सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो आणि तो साधारणपणे ऑस्ट्रेलियन नागरिकालाच मिळतो. त्या कामांवर तू सध्या बसणार नाहीस.

पुढचा रस्ता चांगला आहे. बिड रायटर, बिड मॅनेजर, करार व्यवस्थापन, किंवा टेबलाच्या पलीकडे सरकारी खरेदी विभाग. वर्षभर काम केल्यावर एपीएमपी या टेंडर-प्रस्ताव लिहिणाऱ्यांच्या व्यावसायिक संघटनेची फाउंडेशन परीक्षा दे. खरेदीकडे वळायचं असेल तर सीआयपीएस या खरेदी व्यावसायिकांच्या संस्थेचा अभ्यासक्रम घे. आणि पहिलं टेंडर हरल्यावर डीब्रीफ, म्हणजे का हरलो याचं स्पष्टीकरण, नक्की माग. न मिळालेल्यालाही कारणं ऐकण्याचा हक्क नियमांत आहे. कोणत्या निकषात कमी पडलो हे टिपून त्याच रात्री उत्तरांच्या फाइलमध्ये दुरुस्ती कर.