घुमटावर चढू नको, समोरच्या मनोऱ्यावर चढ

पहिल्यांदाच इटलीला चाललायस ना, मग एक लक्षात ठेव, जी वास्तू फोटोत हवीये तिच्यावरच चढून काय उपयोग, ती दिसणारच नाही ना! फ्लॉरेन्सला सगळे ४६३ पायऱ्या चढून तिथल्या मोठ्या कॅथेड्रलच्या घुमटावर जातात, मीपण गेलो, धापा टाकत वर पोचलो आणि फोटोत घुमटच नाही 😄 त्यापेक्षा शेजारचा जॉत्तोचा मनोरा घे, ४१४ पायऱ्या आहेत पण घुमट अगदी समोर. गुडघे कुरकुरत असतील तर संध्याकाळी पियाझ्झाले मिकेलांजेलो या टेकडीवरच्या चौकात जा, फुकट आहे, गर्दी असते पण चालतंय.

व्हेनिसलाही तेच. सान मार्को चर्चचा मनोरा (मूळचा १९०२ ला कोसळला, आत्ताचा १९१२ चा) बघायचा तर पाण्यापलीकडे सान जॉर्जो माज्जोरे बेटावर जा, २ नंबरची वापोरेत्तो म्हणजे तिथली लाँच जाते, तिथल्या चर्चच्या मनोऱ्यावर जायला लिफ्ट आहे आणि रांग सहसा छोटी.

बेटांमध्ये काप्री सगळेच सांगतील, मी म्हणेन प्रोचिदा, नेपल्सहून बोट मिळते, तेर्रा मुराता या उंचावरच्या जुन्या वस्तीच्या चढावरून खाली कोर्रिचेल्ला या कोळीवाड्याची गुलाबी-पिवळी घरं नि मच्छीमारांच्या होड्या दिसतात, तिथे घाई करू नको.