जीएसटी नको म्हणून धंदा 40 लाखांच्या आत ठेवावा का?

ताई, तुम्ही विचारलंय की परळला सासूबाईंनी सुरू केलेला मसाले, पापड आणि दिवाळी फराळाचा घरगुती धंदा आता 36-37 लाखांवर गेलाय, तर जीएसटी टाळायला निम्मा धंदा नवऱ्याच्या नावावर करावा का, आणि सरकारी योजनांतून खरंच काही हाती लागतं का.

मी सीए नाही. लालबागला आमचं मसाल्याचं दुकान आहे, आजोबांपासून. मार्च ते मे कांडप मशीनच्या आवाजात आम्ही घरातही ओरडूनच बोलतो. त्यामुळे जे भोगलं तेच सांगतो.

आधी तुमचा 40 लाखांचा हिशेब. ही मर्यादा फक्त माल विकणाऱ्याला आहे आणि ती पॅनवर मोजतात. पापडावर कर शून्य, म्हणून बरेच जण पापडाची विक्री बाजूला ठेवून बेरीज करतात. तसं चालत नाही, एकूण उलाढालीत पापडही येतात. दुसरं म्हणजे, गिऱ्हाइकाने आणलेली मिरची कुटून देऊन तुम्ही मजुरी घेत असाल तर ती सेवा झाली. मग 40 विसरा, मर्यादा 20 लाखांवर येते. आणि बंगळुरूला नोकरी करणाऱ्या कुणा मुलाला दोन किलो मालवणी मसाला पार्सलने विकलात तर तुमची उलाढाल कितीही कमी असो, राज्याबाहेर माल विकायला नोंदणी लागतेच. थोडक्यात, तुम्ही अजून मर्यादेच्या आत आहात की नाही हेच आधी तपासा.

नवऱ्याच्या नावावर वेगळा धंदा काढणं बेकायदेशीर नाही, पण तो खरोखर वेगळा हवा. एकच स्वयंपाकघर, लाडू वळणाऱ्या त्याच चार बायका, गल्ल्यावर शेजारी शेजारी दोन क्यूआर कोड, हे कुणाच्याही लक्षात येतं. 2025 च्या जुलैमध्ये बंगळुरूच्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरूनच नोटिसा गेल्या होत्या. मग तिथे काहींनी यूपीआय बंदच्या पाट्या लावल्या. हा काही उपाय नव्हे. आपल्याकडे लोक वडापावलाही मोबाइल काढतात.

आता उलट बाजू बघा. पाकीटबंद चिवडा-चकलीवर पूर्वी 12 टक्के होते, 22 सप्टेंबर 2025 पासून 5 झाले. मसाल्यांवर 5 आहेतच. दीड कोटीपर्यंत कंपोझिशन, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्का भरून मोकळं व्हायची सोपी पद्धत, घेता येतं, त्यात उत्पादकाला उलाढालीच्या 1 टक्का भरावा लागतो. 42 लाख धरले तर वर्षाला 42 हजार, महिन्याला साडेतीन हजार. तीन महिन्यांनी पैसे भरायचे, वर्षाला एक विवरणपत्र. अट अशी की हा टक्का स्वतःच्या खिशातून जातो, गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, खरेदीवर दिलेला कर वजा करून मिळत नाही (त्यालाच क्रेडिट म्हणतात) आणि राज्याबाहेर माल पाठवता येत नाही. लोक घाबरवतात की कंपोझिशनवाल्याकडून हॉटेलं माल घेत नाहीत. आमचा अनुभव तसा नाही. बहुतेक हॉटेलं स्वतःच 5 टक्क्यांत असतात, त्यांना क्रेडिट मिळतच नाही, मग तुमच्या बिलावर कर दिसला काय न दिसला काय. मोठ्या दुकानसाखळीला माल द्यायचा असेल किंवा पार्सलं पाठवायची असतील तर मात्र सरळ नियमित नोंदणी घ्या.

आयकराची धास्ती तर या आकड्याला बाळगूच नका. ज्याला सगळे अजून जुन्या कलमावरून 44एडी म्हणतात त्या, अंदाजे नफा धरायच्या पद्धतीत ऑनलाइन आलेल्या पैशांवर किमान 6 आणि रोखीवर 8 टक्के नफा धरतात. खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा. नव्या करप्रणालीत धंद्याच्या 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. पण उद्या कर्ज मागायला गेलात की बँक हाच दाखवलेला नफा बघते. आमच्या वडिलांनी वर्षानुवर्षं कमीत कमी दाखवला आणि दुसरी मशीन घ्यायची वेळ आली तेव्हा मॅनेजरने तोच कागद आमच्यासमोर ठेवला.

सरकारी मदतीत मला सगळ्यात कामाला आली ती उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आणि तीही आधी चुकीची केली म्हणून कळली. 2021 मध्ये सरकारी वाटणाऱ्या एका संकेतस्थळावर 2,700 रुपये भरून ती केली. ती फुकट असते! वर भरणाऱ्याने आमचा व्यवसाय 'किरकोळ व्यापार' असा टाकला. प्रमाणपत्र फ्रेम करून लावलं, वाचलं कुणीच नाही. 2022 च्या गणपतीत एका केटररला माल दिला, 1 लाख 86 हजार अडकले. दर सोमवारी फोन, दर सोमवारी 'पुढच्या आठवड्यात करतो'. 2006 चा कायदा म्हणतो की सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे करार नसेल तर 15 दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रार करायला गेलो तर सीए म्हणाला, हे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे. व्यापाऱ्याला उद्यमचा फायदा फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता. आम्ही मिरची भाजून, कुटून, मिसळून विकतो, कागदावर मात्र व्यापारी! प्रमाणपत्र दुरुस्त करून 'उत्पादन' केलं, बिलावर उद्यम क्रमांक छापला. त्यानंतर नियम आला की असे पैसे मुदतीत दिले नाहीत तर, प्रत्यक्ष देईपर्यंत, खरेदीदाराला तो खर्च करात धरता येत नाही. 2024 च्या मार्चमध्ये त्याच केटररच्या अकाउंटंटचा फोन आला, 'तुमचं उद्यम पाठवा, 31 तारखेच्या आत क्लिअर करतो.' जुने-नवे सगळे आले. व्याज मागितलं नाही, गिऱ्हाईक टिकवायचं होतं.

अनुदानाचं म्हणाल तर मिळतं, पण हातात रोख पडत नाही. अन्नप्रक्रियेच्या पीएमएफएमई योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, आणि चालू धंद्यालाही. मुदत चालू आहे का ते आधी बघा. त्यात आधी कर्ज मंजूर व्हावं लागतं आणि अनुदान बँकेतच तीन वर्षं पडून राहतं, हप्ते नीट गेले तर मग वळतं होतं. पीएमईजीपी ही दुसरी अनुदान योजना मुख्यतः नव्या धंद्याला, तुम्हाला फारसा उपयोग नाही.

मुंबईतली खरी अडचण पागडी. दुकान पागडीचं असेल तर बँक ते तारण धरायला का-कू करते. तेव्हा सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी हमी निधीच्या हमीवर विनातारण कर्ज स्वतःहून मागा, मॅनेजर आपणहून नाव काढत नाही. मुद्रा कर्जही 10 लाखांपर्यंत विनातारण आहे, त्यातल्या 'तरुण' या वरच्या गटातलं कर्ज फेडलेल्यांना 20 लाखांपर्यंत.

आणि यातलं काहीही करायच्या आधी बेस्टचं लाइट बिल आणि भाडेपावती कुणाच्या नावावर आहे ते काढून बघा. आमची दोन्ही आजोबांच्या नावावर होती. आजोबा जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती, आणि जीएसटीच्या अर्जाला जागेचा पुरावा म्हणून काकांची ना-हरकत मिळवायला मला जितके खेटे घालावे लागले तितके कुठल्याच सरकारी कचेरीत घातले नाहीत.