आजोबांच्या इन्व्हेंटरीची नक्कल कशी काढायची?

प्रश्न: आजोबांची इन्व्हेंटरी (गोव्यात वारसांत मालमत्तेची वाटणी करणारी कोर्टाची केस) साधारण १९८५ च्या सुमारास म्हापशाच्या कोर्टात झालेली, केस नंबर कुणालाच माहीत नाही. भाऊ म्हणतो आरटीआय टाक. टाकू का?

उत्तर: ताई, आरटीआयच्या नादाला लागू नका. कोर्टाच्या नकला कोर्टाच्या नियमांनीच घ्यायच्या असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर पक्षकाराचं नाव नि साल टाकून बघा, पण इतकी जुनी केस तिथे दिसेलच असं नाही, आजकालच्या केसला १६ अक्षरी सीएनआर नंबर (केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असतो म्हणून ती चटकन सापडते. मग सरळ कोर्टात जाऊन रेकॉर्ड विभागात आजोबा-आजीचं पूर्ण नाव, गाव नि अंदाजे साल सांगा, जुन्या रजिस्टरात शोधायला लावा, आणि हो, नावाचं पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंगही लिहून न्या, बरेचदा घोडं तिथेच अडतं! नंबर मिळाला की सर्टिफाइड कॉपीचा अर्ज करा, तुम्ही स्वतः पक्षकार नव्हता म्हणून वारस असल्याचं कारण प्रतिज्ञापत्रावर द्यावं लागू शकतं. नुसता निकाल नको, वाटणीचा तक्ताही मागा, कुठला तुकडा कुणाच्या वाट्याला गेला ते त्यातच असतं आणि मामलेदाराकडे फॉर्म १ व १४ वर (गोव्यातला सातबारासारखा जमिनीचा उतारा) नाव चढवताना तोही लागतो. शिक्का, सही, तारीख तिथेच तपासून घ्या.