वळिवाच्या विजा आणि झाडाखालची घोडी

प्रश्न : करवीर तालुक्यात पंचगंगेकाठी आमची शेती आहे. घोडी आणि तिचे चार महिन्यांचे शिंगरू बांधावरच्या वडाखाली बांधलेले असते. गेल्या वळिवात शेजाऱ्यांचा बैल झाडाखालीच वीज पडून दगावला. घोडीचे नाल काढून ठेवावेत, म्हणजे वीज ओढली जाणार नाही, असे काही जण सांगतात. ते खरे आहे का?

उत्तर : नाल राहू द्या, बांधण्याची जागा मात्र आजच बदला. खुराखालच्या मूठभर लोखंडाने वीज ओढली जात नाही. ती बहुधा उंच वस्तू गाठते आणि बांधावर तुमचा एकटा वडच उंच आहे. त्याच्यावर पडलेली वीज मुळांवाटे जमिनीत पसरते आणि बुंध्यापासून दूर जाताना तिचा दाब (व्होल्टेज) उतरत जातो. घोडीच्या पुढच्या व मागच्या पायांत मीटरभराहून अधिक अंतर असल्याने त्या दोन जागांच्या दाबात मोठा फरक पडतो आणि प्रवाह एका पायाने चढून, छातीतून हृदयावरून जाऊन दुसऱ्या पायाने उतरतो. माणसाला पाय जुळवून बसता येते, जनावराला नाही. विजेने गेलेल्या जनावराच्या तोंडात कधी कधी वैरणीचा घास तसाच सापडतो, इतक्या क्षणात सारे संपते.

एप्रिल-मे महिन्यांत दुपार कलताना ढग चढू लागले की घोडी घराकडे आणावी. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांचे अंतर असेल, तर वीज सुमारे १० किलोमीटरवर आहे. त्याआधीच जनावर आत हवे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर काढू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अॅप फोनवर घेतल्यास आधी सूचना मिळते.

पत्र्याची शेड चालेल, पण लाकडी मेढींवरचा पत्रा जमिनीशी जोडलेला नसेल, तर वीज त्यावरून जनावरावर झेप घेऊ शकते. म्हणून जाणकार वायरमनकडून अर्थिंग करून घ्यावे. घोडी लोखंडी खांबाला किंवा साखळीने बांधू नये. विजांनी रानातच गाठले, तर तिला झाडापासून आणि तारेच्या कुंपणापासून दूर, सखल जागी मोकळे सोडा आणि लगाम धरून तिच्याजवळ थांबू नका. तुमचा जीव आधी.

शिंगरू मागे राहिले, तर घोडी शेडच्या दारातून परत फिरेल. त्यामुळे दोघांना एकत्र आत नेण्याची सवय निरभ्र दिवसांतच, आत थोडा कडबा ठेवून लावावी.