वाचकांचे प्रश्न : विमानतळावर साठलेली मदत आणि डोंगरातली गावे

प्रश्न : एप्रिल २०१५ मध्ये नेपाळात भूकंप झाला, तेव्हा काठमांडूच्या विमानतळावर मदतीचे सामान पडून होते आणि वरच्या गावांतली माणसे मात्र उघड्यावर होती, असे वाचले. जगभरातून एवढी मदत येऊनही ती पोहोचत का नाही? हा निव्वळ ढिसाळपणा मानायचा का?

उत्तर : ढिसाळपणा होताच. सीमाशुल्काच्या तपासणीत सामान अडकत असल्याची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांनी तेव्हा उघडपणे केली होती. पण सगळे खापर त्यावर फोडले, तर मुख्य अडचण नजरेआड होते. काठमांडूच्या विमानतळावर धावपट्टी एकच होती, आणि ती खराब होऊ लागल्यामुळे १९६ टनांहून जड विमानांना मनाई करावी लागली. भूकंपाचा केंद्रबिंदू होता गोरखा जिल्ह्यातल्या बारपाक गावाजवळ, जिथे रस्ते दरडींखाली गेले होते आणि पायवाटाही जागोजागी तुटल्या होत्या. हेलिकॉप्टर होती, परंतु उंचावरच्या विरळ हवेत त्यांना कमी वजन उचलता येते, आणि ढग उतरले की उड्डाणच थांबते. १२ मे रोजी ७.३ तीव्रतेचा दुसरा मोठा धक्का बसला. मदतकार्यावर असलेले अमेरिकी मरीन दलाचे एक हेलिकॉप्टर त्याच दिवशी डोंगरात कोसळले आणि त्यातले सर्वजण मृत्युमुखी पडले.

अशा वेळी उद्याच्या मोजक्या फेऱ्यांमध्ये काय न्यायचे आणि कोणत्या गावाला न्यायचे, हे रोज संध्याकाळी कोणीतरी ठरवावे लागते. समन्वय म्हणतात तो प्रामुख्याने हाच. त्यासाठी कोण, कुठे, काय करीत आहे याचा एकच तक्ता सर्वांसमोर हवा. तो नसेल तर रस्त्यालगतच्या गावात पाच संस्था तांदूळ वाटून जातात आणि दोन दिवसांच्या चढणीवरच्या वस्तीत कोणीच फिरकत नाही. निवारा, पाणी, आरोग्य अशा प्रत्येक विषयासाठी एक संस्था जबाबदार धरण्याची संयुक्त राष्ट्रांची पद्धत प्रत्यक्ष आपत्तीत प्रथम वापरली गेली ती २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर, पाकिस्तानात. तिचा उपयोग झाला. पण बैठका फार, त्याही इंग्रजीत, आणि स्थानिक संस्था बाहेरच, ही टीकाही तेव्हापासूनचीच आहे, आणि माझ्या मते ती रास्त आहे. कोणती वाट पावसात टिकते, हे गावातल्या माणसालाच ठाऊक असते.

नेपाळात पुढे जागतिक अन्न कार्यक्रम या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने हेच ओळखले आणि ट्रेकिंगच्या व्यवसायातले भारवाहक व वाटाडे कामाला घेतले, खेचरे घेतली, मोडलेल्या वाटा दुरुस्त करविल्या. हंगाम बुडालेल्या या लोकांना त्यातून मजुरीही मिळाली. पाठीवर डोको म्हणजे वेताबांबूची टोपली, आणि तिचा भार कपाळावर पेलणारा नाम्लो नावाचा पट्टा, अशा बेताने माणूस चढतो. म्हणून सामान बांधतानाच एका पाठीला पेलेल एवढे बांधावे लागते. छपराच्या पत्र्यांचे कारखान्यातून आलेले बंडल तसेच पाठविले, तर ते वाटेच्या तोंडाशी फोडावे लागते, आणि सुटा लांब पत्रा कड्यावरच्या वाऱ्यात माणसालाच ओढू लागतो.

प्रश्न : आमचे मंडळ कपडे आणि ब्लँकेटे जमवून स्वतः तिथे जाऊ इच्छिते. जावे का?

उत्तर : बोलावणे नसेल तर कृपया जाऊ नका. आपल्या गाड्या त्याच एका रस्त्यावर उभ्या राहतील, आणि आपल्या जेवणाची व निवाऱ्याची सोय त्याच गावांना करावी लागेल. न निवडलेले कपडे तर खाली गोदामातच जागा अडवितात. तिथे आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला पैसे द्या. आपल्यापैकी कोणाला संगणक येत असेल, तर उपग्रह छायाचित्रांवरून वाटा आणि घरे नकाशावर नोंदविण्याचे काम घरबसल्या करता येते. २०१५ मध्ये जगभरातल्या हजारो स्वयंसेवकांनी ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या, कोणालाही भर घालता येणाऱ्या नकाशावर ते केले, आणि ते नकाशे मदत पथकांनी वापरले.

प्रश्न : तंबू दिले की निवाऱ्याचा प्रश्न सुटतो ना?

उत्तर : ऋतूवर अवलंबून आहे. काश्मीरचा भूकंप ८ ऑक्टोबरला झाला. पाकिस्तानात ७३ हजारांहून अधिक माणसे गेली होती, आणि बर्फ काही आठवड्यांवर आले होते. वाटलेल्या तंबूंपैकी बहुतेक त्या थंडीत टिकणारे नव्हते. त्यामुळे पडलेल्या घराचे लाकूड वापरून, वर पत्रे घालून, प्रत्येक कुटुंबाची निदान एक खोली उबदार आणि कोरडी करून देण्यावर भर देण्यात आला. खिळे, हातोडा, करवत आणि पत्रे हे सामान हिवाळ्याआधी वर पोहोचले, की पुढचे काम लोक स्वतःच करतात. आपले घर आणि जनावरे सोडून खालच्या छावणीत उतरायला त्यांच्यातले बरेच जण मुळीच तयार नव्हते.