टायमर चालू केला की व्हेरिएबल्स बिघडतात? आधी रेड झोन बंद कर

तुझे दोन प्रॉब्लेम आहेत. तू स्वतः लिहीत असलेल्या ६४ बिट कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) टायमर इंटरप्ट, म्हणजे ठरावीक वेळाने सीपीयूचं चालू काम थांबवणारा इशारा, चालू केला की लोकल व्हेरिएबल्समध्ये मधेच कचरा येतो, आणि लिंक करताना मेमसेट (मेमरीचा तुकडा एकाच किमतीने भरणारं फंक्शन) सापडत नाही असा एरर येतो, तू तो कुठेच बोलावला नसताना. दोन्हीचं मूळ कंपायलरच्या गृहीतकांत आहे. तू लिनक्सवरचा नेहमीचा जीसीसी (सीचा कंपायलर) वापरतोयस, आणि तो अशा काही गोष्टी धरून चालतो ज्या तुझ्या कर्नलमध्ये नाहीत.

आधी कचऱ्याचं बघू, कारण यात मी स्वतः जवळजवळ दोन आठवडे घालवलेत आणि सगळा वेळ इंटरप्ट हँडलरमध्येच (इंटरप्ट आल्यावर चालणारा कोड) चूक शोधत बसलो होतो, हँडलर अगदी बरोबर होता. ६४ बिट एक्स८६ वर लिनक्स जो एबीआय (फंक्शन्सनी स्टॅक आणि रजिस्टर कसे वापरायचे याचे नियम) पाळतो, त्यात स्टॅक पॉइंटरच्या, म्हणजे स्टॅकचं टोक दाखवणाऱ्या रजिस्टरच्या, खालचे १२८ बाइट राखीव असतात, तोच रेड झोन. जे फंक्शन पुढे दुसऱ्या कुणाला बोलावत नाही ते स्टॅक पॉइंटर न हलवताच आपली व्हेरिएबल्स तिथे ठेवतं. साध्या प्रोग्रॅममध्ये हे चालतं कारण इंटरप्ट आला की सीपीयू कर्नलच्या वेगळ्या स्टॅकवर जातो. पण तू आधीच कर्नलमध्ये आहेस, त्यामुळे वेगळा स्टॅक लावून दिला नसशील तर सीपीयू त्याच स्टॅकवर ८-८ बाइटच्या पाच गोष्टी ढकलतो, म्हणजे ४० बाइट, आणि त्या थेट तुझ्या व्हेरिएबल्सवर पडतात. टायमर नेमका कधी वाजेल त्यावर सगळं अवलंबून, म्हणून कधी लगेच मरतो कधी बराच वेळ चालतो.

उपाय एका फ्लॅगचा आहे, एम-नो-रेड-झोन, पण तो कर्नलच्या प्रत्येक फाइलला लागला पाहिजे, आणि लिबजीसीसी (जीसीसीची स्वतःची मदतनीस लायब्ररी) लिंक करत असशील तर तीही त्याच फ्लॅगने बिल्ड केलेली हवी, हे बरेच जण विसरतात. लागलाय का ते ऑब्जडंपने (बनलेल्या फाइलमधल्या इन्स्ट्रक्शन्स दाखवणारं टूल) बघ. आधी जी फंक्शन्स सुरुवातीला स्टॅक पॉइंटर कमी न करताच त्याच्या खाली लिहीत होती, त्यांच्यात आता वजाबाकीची इन्स्ट्रक्शन दिसेल.

आता मेमसेट. फ्रीस्टँडिंग फ्लॅग (खाली ऑपरेटिंग सिस्टिम नाही असं कंपायलरला सांगणारा) दिला म्हणजे कंपायलर लायब्ररी अजिबात मागणार नाही असं वाटतं, पण जीसीसीला तरीही मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकंपेअर ही चार लागतातच. तू मोठं स्ट्रक्चर शून्याने भरलंस की तो गुपचूप मेमसेटचा कॉल टाकू शकतो. चारही स्वतः लिही, प्रत्येकी चार-पाच ओळींचं काम आहे. फक्त एक सांभाळ, ऑप्टिमायझेशन चालू असताना तुझ्या मेमसेटमधला लूप बघून कंपायलर त्या जागी मेमसेटचाच कॉल टाकू शकतो आणि मग फंक्शन स्वतःलाच बोलावत राहतं, त्यासाठी त्या फाइलला एफ-नो-ट्री-लूप-डिस्ट्रिब्यूट-पॅटर्न्स दे.

आणि खरं सांगू का, नेहमीच्या जीसीसीवर फ्लॅग जोडत बसण्यापेक्षा एक्स८६-६४-ईएलएफ टार्गेटचा क्रॉस कंपायलर (लिनक्ससाठी नाही, तर ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या मशीनसाठी कोड बनवणारा) बिल्ड कर, आधी बिनयुटिल्स (असेंबलर, लिंकर वगैरे टूल्स) मग जीसीसी. अनेक लिनक्स डिस्ट्रोंचा जीसीसी स्टॅक प्रोटेक्टर (स्टॅकवर भलतीकडे लिहिलं गेलंय का ते तपासणारा कोड) आपणहून चालू ठेवतो, तो तपासणीची किंमत एफएस सेगमेंटच्या ०एक्स२८ या पत्त्यावर शोधतो, आणि तुझ्या कर्नलमध्ये तिथे काहीच मांडलेलं नाही. क्रॉस कंपायलरमध्ये असली गृहीतकं मुळात कमी. रेड झोनचा फ्लॅग मात्र तिथेही द्यावाच लागतो. सोबत एम-जनरल-रेग्ज-ओन्लीही दे, नाहीतर साध्या कोडमध्येही एसएसई रजिस्टर (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणारे मोठे रजिस्टर) वापरले जाऊ शकतात आणि तुझा हँडलर ते सेव्ह करत नाहीये.

एवढं करूनही रिबूट झालं तर क्यूइमू (सॉफ्टवेअरमध्ये कॉम्प्युटर चालवणारा एम्युलेटर) इंटरप्टच्या लॉगसकट आणि नो-रिबूट देऊन चालव. लॉगमधलं अगदी शेवटचं नको, त्याच्या आधी जे पहिलं एक्सेप्शन (सीपीयूला सापडलेली चूक) आलंय त्याचा नंबर आणि आरआयपी (त्या वेळी चालू असलेल्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता) इथे टाक. ८ म्हणजे डबल फॉल्ट, १३ जनरल प्रोटेक्शन, १४ पेज फॉल्ट. लिंकर स्क्रिप्टपण (कर्नलचा कुठला भाग मेमरीत कुठे ठेवायचा ते सांगणारी फाइल) टाक सोबत.